अकरा घरांवरचं गवत

शकुनं पाठवलेला फोटो उघडला तेव्हा माझ्या मांडीवर मटारच्या शेंगांचं ताट होतं, आणि आधी मला वाटलं, कुणाच्या तरी जुन्या उशीच्या अभ्र्याचा फोटो चुकून आलाय. मग चष्मा लावून दोन बोटांनी तो मोठा केला. नकाशा होता. पिवळं पडलेलं ट्रेसिंग क्लॉथ आणि त्यावर काळी रेघ. ती रेघ मी बघताक्षणी ओळखली, कारण वळणावर किंचित जाड होऊन पुन्हा बारीक होणारी रेघ आमच्या ऑफिसात एकटीच्याच हातात होती, आणि तो हात माझा. आपल्या हातचं काम इतक्या वर्षांनी अचानक समोर आलं की आधी अभिमान वाटतो. मलाही वाटला, क्षणभर. खाली उजव्या कोपऱ्यात दोन सह्या होत्या. ट्रेस करणार, प. श्या. करंदीकर. रुजवात घेणार, श. र. कासारे. गाव, उंबरोळी. सन १९८८. मग फोटोखाली शकुनं लिहिलेलं वाचलं: 'हा तुझाच ना? यात आमची वाडी कुठे आहे ते दाखव.' अभिमान जिथल्या तिथे विरला. शेंगांचं ताट मी बाजूला ठेवलं. फोटोत डाव्या अंगाला डोंगर होता, मध्ये गावठाण, दोन देवळं, क्रूस, मग ओढा. आणि ओढ्याच्या पलीकडे, जिथे शकुची वाडी असायला हवी होती तिथे, मी काढलेलं गवत होतं.

फोन वाजला तो तिचाच. सहा वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. मी तिला बुद्धपौर्णिमेला शुभेच्छा पाठवायची, ती मला दिवाळीला, एवढंच. पण शकुला लांबण लावायची सवय कधीच नव्हती. "बघितलास ना? शुक्रवारी सुनावणी आहे," ती म्हणाली. "बिल्डरचा वकील म्हणतो वाडी नंतर बसली, अतिक्रमण आहे. पुरावा काय, तर हा नकाशा. मोकळी जागा, गवत. तीस घरांची वाट लागायची पाळी आलीय, पद्मे. मूळ तक्ता मागितला तर तो म्हणे सापडत नाही. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, याच्या आधीचा कुठलाही नकाशा आणा, मी बघतो. आता मला सांग, कुठे मिळतात गं जुने नकाशे?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मलाही आवाज चढवता आला असता. "बघते," मी म्हटलं. "बघ ना. तुझ्याइतकं त्यातलं कुणाला कळतंय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. मी मटार सोलायला घेतले, पण दाणे सालात आणि सालं दाण्यांत टाकत होते. सोमवार होता. शुक्रवारला चार दिवस होते.

सरकारी नोकरीत तेव्हा ट्रेसर नावाची जागा असे. जुना नकाशा फाटला, विरला, की त्यावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून टाचण्या मारायच्या आणि खालचं सगळं जसंच्या तसं वर उतरवायचं, एवढंच काम. या कामाला बायका बऱ्या, मान मोडून बसतात, असं साहेबलोक म्हणत, म्हणून आमच्या खोलीत चौदा टेबलांपैकी नऊ बायकांची होती. माझ्या शेजारचं शकुचं. ती आली तेव्हा खोलीतल्या काहींनी तिच्या राखीव जागेबद्दल हळू आवाजात जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि तिला ते ऐकू येईल इतपतच आवाज हळू ठेवला. मी त्यात नव्हते. मी तिच्याशेजारी डबा उघडला, तिच्या डब्यातली सुकट खाल्ली, घरी सांगितलं नाही, आणि आपण फार मोठं काही करतोय असं मला वाटत राहिलं. आमचे हेड ड्राफ्ट्समन लवू परब मालवणचे. हातात पट्टी घेऊन टेबलांमधून फिरत आणि एकच नियम सांगत: "जां दिसता तां काढूचा गो बाय. जां कळता तां नाय." म्हणजे विचार करायचा नाही, अर्थ लावायचा नाही, नदी चुकीच्या बाजूला वाहताना दिसली तरी ती सुधारायची नाही. मी तो नियम सात वर्षं पाळला. उंबरोळीचा तक्ता माझ्या टेबलावर आला तेव्हा तो घड्यांवर चार ठिकाणी फाटला होता आणि मागून कुणी खळीने कागद चिकटवले होते. गावठाण झालं, देवळं झाली, ओढा झाला, आणि ओढा ओलांडल्यावर माझं पेन थांबलं. तिथे एक विहीर होती, अकरा छोटे चौकोन होते, म्हणजे अकरा घरं, आणि त्यांच्याखाली वाडीचं नाव म्हणून तिथल्या लोकांची जात लिहिलेली होती, जुन्या नकाशांत असायची तशी. तो शब्द मला माहीत नव्हता असं नाही. आमच्या घरी तो बोलण्यात यायचा, कधी शिवीसारखा, कधी सहज. पण तो मी माझ्या सुंदर अक्षरात, शकुचं कोपर माझ्या कोपराला लागतंय अशा अंतरावर बसून, चांगली दोन मिनिटं कोरत बसायचा? ती मान वळवून बघणार. काय वाटेल तिला? घामानं क्लॉथवर डाग पडेल म्हणून मी हात उचलला. नुसता शब्द गाळला असता तर चाललं नसतं, कारण नाव नसलेली घरं दिसली की परबांची पट्टी तिथेच येऊन थांबली असती. म्हणून मी घरंही काढली नाहीत. विहीरही नाही. पण नकाशात कोरी जागाही सोडता येत नाही, तिथे काय आहे ते दाखवावंच लागतं. तेव्हा मी तिथे गवताच्या खुणा काढल्या, तीन-तीन काड्यांचे झुबके. छान आले होते. शकु राहते ती वाडी हीच, हे मला ठाऊक नव्हतं. ती फक्त 'उंबरोळीला' म्हणायची. उंबरोळीत कुठे, हे मी सात वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. नाही, हे खरं नाही. ठाऊक नव्हतं म्हणजे मी ठाऊक करून घेतलं नव्हतं.

काम झालं की रुजवात. ही आमच्या कामाची जुनी पद्धत. शेजारची ट्रेसर मूळ तक्ता समोर घेऊन एकेक गोष्ट मोठ्यानं वाचणार, आणि जिनं उतरवलंय तिनं आपल्या कापडावर बोट ठेवून 'आहे' म्हणायचं. वाचणारी पेन्सिलीनं खूण करते, शेवटी दोघींच्या सह्या. उंबरोळीची रुजवात शकुनं घेतली. दुपारी जेवणानंतरची वेळ, पंखे घरघरत होते, सगळी खोली अर्धवट पेंगत होती, पण अशा खोलीत वाचलेला प्रत्येक शब्द चौदाच्या चौदा टेबलांना ऐकू जातो. "गावठाण," शकु म्हणाली. "आहे." "देवळं दोन." "आहेत." "क्रूस." "आहे." "ओढा." "आहे." मग ती थांबली. मी मान खाली घालून माझ्या गवताकडे बघत होते. किती वेळ थांबली कोण जाणे, मला तो फार वाटला. मग तिच्या बांगड्यांचा आवाज झाला, तक्ता सरकला आणि ती म्हणाली, "पूर्वेची हद्द." मी म्हटलं, "आहे." दोघींनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी वेगळ्या डब्यात सुकटीची चटणी आणली आणि मी समजून गेले की हे आभार आहेत. न बोलता मानलेले. छत्तीस वर्षं मी ती चटणी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा खाल्ली आहे. मुलाची शाळा, सासूचं दुखणं, माझे यजमान श्यामसुंदर गेले ते दिवस, या सगळ्यात जेव्हा जेव्हा मला स्वतःबद्दल काही चांगलं वाटून घ्यायची गरज पडली, तेव्हा मी ते गवत आठवलं. एका मैत्रिणीचा मान राखायला मी नियम मोडला होता. अशी किती माणसं असतात, असं वाटायचं.

गार्गी, माझी सून, घरूनच काम करते. तिला मी एवढंच सांगितलं की शकुमावशीला उंबरोळीचा जुना नकाशा हवाय. तिनं दहा मिनिटांत लॅपटॉपवर परदेशातल्या कुठल्या ग्रंथालयाचं पान उघडून दिलं. "आई, हे बघा, एकदम झकास आहे. सगळे जुने नकाशे स्कॅन करून ठेवलेत. आधी देश, मग प्रांत, मग जिल्हा. क्लिक करत खाली जायचं. पण सांभाळून हं, तुम्ही यात हरवाल." हरवलेच. मंगळवारी सकाळी चहा घेऊन बसले ती बारा वाजेपर्यंत उठले नाही. पहिल्या नकाशात देशाचा आकारच ओळखू येत नव्हता, दक्षिणेचं टोक बोथट आणि मुंबईच्या जागी नुसती एक सुईच्या टोचणीएवढी खूण. काढणारा इथे आलेलाच नसणार, कुणीतरी सांगितलं ते ऐकून त्यानं काढलं असणार, आणि जिथे कुणी काही सांगितलं नाही तिथे त्यानं डोंगर टाकून दिले होते. एरवी मी हसले असते. पुढच्या नकाशात प्रांत गुलाबी, पिवळे, हिरवे झाले, संस्थानांच्या हद्दी आल्या, किनारा जागेवर आला. मग साष्टी आली, अजून बेट, भोवती खाड्या. मुलुंड, भांडुप, घाटकोपर ही नावं एकमेकांपासून इतकी लांब लांब, मधे सगळं भात आणि मिठागरं, जिथे आज आमच्या सोसायटीचं गेट आहे तिथे खाडीचं पाणी. प्रत्येक पायरीवर देश लहान होत होता आणि जागा मोठी होत होती. मला खरंच आनंद होत होता, हे कबूल केलं पाहिजे. कुणाच्या तरी हातानं, माझ्यासारख्याच कुणाच्या तरी मोडलेल्या मानेनं हे सगळं उतरवलेलं होतं. आणि त्या आनंदाच्या भरात मी एक चौकोन, म्हणजे एका भागाचा नकाशा, उघडला, खाली सरकवला, आणि उंबरोळी आली. डोंगर, गावठाण, ओढा. ओढ्याच्या पलीकडे विहिरीचं वर्तुळ, अकरा काळे ठिपके, आणि इंग्रजी तिरप्या अक्षरांत तो शब्द. शंभर वर्षांपूर्वी छापलेला. कुणा गोऱ्या साहेबाला किंवा त्याच्या हाताखालच्या कारकुनाला तो लिहिताना घाम फुटला नव्हता.

"सापडलं का?" आतून गार्गीनं विचारलं. "शोधतेय," मी म्हटलं. आणि हे बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय ठरवते आहे. हा नकाशा साहेबांपुढे गेला की माझा त्याच्या शेजारी ठेवला जाणार. शंभर वर्षांपूर्वी घरं होती, आज आहेत, मग मधल्या नकाशात गवत कुठून आलं? कोपऱ्यात सही आहे. निवृत्तीच्या दिवशी मला दिलेल्या शालीबरोबर साहेब म्हणाले होते, करंदीकरबाईंच्या टेबलावरून चूक बाहेर गेली नाही; ते वाक्य मी मुलाच्या, देवदत्तच्या, लग्नात व्याह्यांना ऐकवलं आहे. आणि हा नकाशा मला सापडलाच नाही असं मी म्हटलं, तर कुणाला कळणार होतं? हजारो चौकोनांतला एक. मी तो बंद केला. लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि आमटीला फोडणी द्यायला उठले. बुधवारी दुपारी शकुचा फोन आला. मी तो हातात वाजू दिला, मग घेतला. "मिळालं काही?" "शोधतेय गं. फार पसारा आहे." "बरं," ती म्हणाली. "नाही मिळालं तरी तू एवढं करतेयस ना. सपनाला म्हटलं मी, पद्मानं मनावर घेतलं की होतं." सपना तिच्या भावाची मुलगी, वाडीची कागदपत्रं तीच सांभाळते. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. मला स्वतःची लाज वाटली. साधी, सरळ लाज, लहानपणी चोरी पकडली गेल्यावर वाटायची तशी. तिचा माझ्यावर भरवसा होता, आणि तिची तीस घरं वाचवणारा नकाशा मी मिटून बसले होते.

मग मी जे मला येतं ते केलं. गार्गीकडून तो चौकोन कागदावर छापून घेतला आणि शकुनं पाठवलेला माझ्या नकाशाचा फोटोही. दोन्हींची मापं वेगळी, तेव्हा चौकटी पाडून छापील नकाशा मोठा केला, जुन्या पद्धतीनं, ओढ्याचं वळण आणि दोन देवळं जुळेपर्यंत. ट्रंकेतून बारीक निबेचं पेन काढलं, शाई आणायला गार्गीला पिटाळलं. ट्रेसिंग पेपरवर विहीर आणि अकरा घरं उतरवली. रेघ अजून जाते. मग तो कागद माझ्या जुन्या नकाशावर ठेवला, गवत नेमकं कुठे पडतं ते बघायला. प्रत्येक घराच्या खाली गवताचा एक झुबका होता. एक घर, एक झुबका. मी मोजले. अकरा. विहिरीच्या जागी बारावा, जरा लहान. छत्तीस वर्षं मला वाटत होतं की मी तिथे नुसतं गवत पसरून दिलं; पण माझ्या हातानं, ज्याला फक्त जे दिसतं ते काढायची सवय होती, प्रत्येक घराची जागा धरून ठेवली होती. डोकं खोटं बोललं आणि हाताला ते जमलं नाही. यानं मला बरं वाटायला हवं होतं, नाही वाटलं. उलट आता 'सुचलं नाही, गडबडीत राहून गेलं' असं म्हणायचीही सोय उरली नाही. ज्या बाईनं एकेक घर बघून, मोजून, त्यावर गवत काढलं, तिला ती घरं दिसत होती. फक्त एक जागा मी तरीही रिकामी ठेवली. घरांच्या खालची, नावाची. पेन तिथवर नेलं आणि परत आणलं. म्हटलं, घरं आली, नाव कशाला हवं. आता तर सरकारनंसुद्धा अशी नावं बदलायची ठरवली आहेत.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी रिक्षा केली. मुलुंडहून उंबरोळी पंचवीस मिनिटं. 'येईन गं एकदा' असं मी शकुला तीस वर्षं म्हणत आले होते आणि अंतर पंचवीस मिनिटं होतं. ओढ्याचा आता काँक्रीटचा नाला झालाय, त्यावर छोटा पूल. पूल ओलांडल्यावर निळी कमान, पंचशील नगर, आत स्वच्छ झाडलेली गल्ली, दोन मजले चढवलेली घरं, प्रत्येक दारात तुळस किंवा मनीप्लँट, आणि मधोमध लोखंडी जाळीनं झाकलेली विहीर. मी तिच्याजवळ थांबले. माझ्या नकाशात मी गवतावर उभी होते. शकु दारातच होती, केस पूर्ण पांढरे, चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. "आली बघा मुलुंडची राणी," ती म्हणाली आणि माझ्या हातातली गुंडाळी घेतली. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी तिच्या वडिलांचा, रतनबाबांचा. तिनं पाणी दिलं. मी आधी छापील नकाशा दिला, मग ट्रेसिंग, मग रात्रभर मनात घोळवून पहाटे उठून लिहिलेलं पत्र. पत्रात होतं की १९८८ साली सदर नकाशा उतरवताना माझ्याकडून नजरचुकीनं अकरा घरं व विहीर दाखवायची राहिली. शकुनं चष्मा लावून ते वाचलं. दोनदा वाचलं.

"नजर चुकली? तुझी?" ती म्हणाली.

"शकु, मी तेव्हा..."

"मला माहितीये तू काय केलंस. मी रुजवात घेतली ना. मूळ तक्ता माझ्या हातात होता. आमचं घर वरून तिसरं."

मी म्हटलं, "तुला वाईट वाटेल म्हणून. तो शब्द तुझ्यासमोर लिहायला माझा हात होईना. मला वाटलं, तुलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तू चटणी आणलीस."

ती हसली, पण ते हसू मला नको होतं. "चटणी बाबांनी दिली होती. मी घरी सांगितलं होतं, आज आपल्या गावाचा नकाशा झाला, पद्मानं काढला, मी तपासला. खूश झाले. म्हणाले, तिला काहीतरी ने. नकाशात आपण नाही, हे त्यांना कुठून सांगू? पद्मे, मी तेव्हा ओढ्यापाशी थांबले होते ना, तुझी वाट बघत होते. तू मान वर करशील. विचारशील, शकु, काही राहिलं का? एवढंच. मग मी वाचलं असतं. सगळ्या खोलीला ऐकू गेलं असतं तरी वाचलं असतं. तू वर बघितलंच नाहीस. मग मलाही एकटीला नाही जमलं. अन् नाव पुसायचं होतं तर नाव पुसायचंस ना गं. घरं कशाला पुसलीस?"

मी रडले. शकुनं मला रडू दिलं, गप्प केलं नाही, आणि ते बरं केलं. मग तिनं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "नजरचुकीनं काढ. जाणूनबुजून लिही. का, तेही लिही. आणि रुजवात कुणी घेतली तेही लिही."

"तुझंही नाव येईल त्यात. तुझी सही, तुझी पेन्शन, उगाच चौकशी..."

"पुन्हा वाचवायला निघालीस मला?" ती म्हणाली. "माझ्या सहीचं माझी मी बघेन. एकदा वाचवलंस ना, पुरे."

मी नवीन कागद घेतला आणि लिहिलं. सगळं लिहिलं, कारणासकट. तिनं ते वाचलं, मान हलवली, घडी घालून सपनाच्या फायलीत ठेवलं. मग छापील नकाशा स्वतःपुढे ओढला, ट्रेसिंग माझ्यापुढे सरकवलं आणि कानामागून पेन्सिल काढली. "उद्या साहेब विचारतील, हे तपासलं कुणी. बस नीट." खुर्च्या आपोआप जुन्या अंतरावर आल्या. दार उघडं होतं. गल्लीत दोन बायका पापड वाळत घालता घालता आमच्याकडे बघत होत्या, पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"गावठाण."

"आहे."

"देवळं दोन."

"आहेत."

"क्रूस."

"आहे."

"ओढा."

"आहे."

"ओढ्याच्या पलीकडे विहीर."

"आहे."

"घरं अकरा."

मी प्रत्येकावर बोट ठेवून मोजली. वरून तिसऱ्यावर बोट जरा जास्त थांबलं. "आहेत."

शकु थांबली. या वेळी मी मान वर केली. ती माझ्याचकडे बघत होती. मी म्हटलं, "शकु, काही राहिलं का?"

तिनं चष्मा सारखा केला आणि वाचलं. हळू नाही. ऑफिसात वाचायची त्याहून मोठ्यानं, दारातल्या बायकांना, गल्लीला, नाल्यापलीकडच्या गावठाणालाही ऐकू जावं अशा आवाजात. "म्हारवाडा."

मी कागदावर बघितलं. घरांच्या खाली जागा कोरी होती. "नाही," मी म्हटलं.

ती पेन्सिल उभी धरून वाट बघत राहिली. मी पिशवीतून पेन काढलं, निब शाईत बुडवली, पुसली, आणि लिहायला घेतलं. अक्षर सुंदर आलं नाही. पहिलंच अक्षर वाकडं गेलं, पुढचा काना जाड झाला, आणि मी ते सुधारलं नाही. शाई वाळेपर्यंत दोघी बसून राहिलो. पापड घालणाऱ्या बायकांतली एक उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली होती.

"वाच परत," मी म्हटलं.

"म्हारवाडा," शकुनं वाचलं.

मी त्यावर बोट ठेवलं. "आहे."